अर्धा रस्ता दुसऱ्याचा

नागपूर जिल्ह्याच्या वायव्य कोपऱ्यात नरखेड तालुका वसलेला आहे. त्याच्या पश्चिमेस वर्धा नदी वाहते आणि नदीपलीकडे अमरावती जिल्ह्यातील वरूडचा प्रदेश लागतो. उत्तरेस मध्य प्रदेशातील पांढुर्णा आहे. काळी कसदार जमीन, विहिरींचे पाणी आणि संत्र्यांच्या हिरव्यागार बागा ही या भूमीची खरी श्रीमंती होय. हिवाळ्याच्या प्रारंभी आंबिया बहराची संत्री पिकून झाडे केशरी दिसू लागतात, तर मृग बहराची फळे फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास तोडणीस येतात. त्या दिवसांत पहाट होण्यापूर्वीच येथील रस्ते जागे होतात. फळांनी भरलेले ट्रक नागपूरच्या बाजाराकडे निघतात, कापसाने भरलेल्या बंड्या संथपणे चालू लागतात, मजूर स्त्रिया डोक्यावर पदर घेऊन बागांची वाट धरतात आणि दूरच्या खेड्यांतील मुले सायकलींवरून शाळेस जावयास निघतात.

नरखेडच्या भूमीवर हिमवर्षाव होत नाही. हिमालयातल्याप्रमाणे येथील रस्ते बर्फाने झाकले जात नाहीत, की नदीनाले गोठत नाहीत. तरीही येथील वाटसरूला निसर्ग काही कमी कसोटीस लावीत नाही. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे दाट धुके पडते, पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल रस्त्यावर येतो आणि हिवाळा सरता सरता एखादे वेळी गाराही कोसळतात. अशा वेळी रस्ता तोच असतो, वाहन तेच असते आणि चालकही तोच असतो. पण कालपर्यंत सुरक्षित असलेली वाट आज घातक होऊन बसते. ती तशी का होते आणि तीत निसर्गाचा दोष किती व माणसाच्या अविचाराचा किती, हे समजून घेण्यासारखे आहे.

प्रथम धुक्याचाच विचार करू. हिवाळ्यातील रात्री आकाश निरभ्र असले आणि वारा पडलेला असला, म्हणजे दिवसा तापलेली जमीन आपली उष्णता झपाट्याने गमावते. जमीन थंड झाली की तिला लागून असलेली हवाही थंड होते. अशा हवेत बाष्प भरपूर असेल, तर त्याचे अतिसूक्ष्म जलकण बनतात आणि हवेत तरंगत राहतात. हेच धुके. मेघ आणि धुके यांची जात एकच. मेघ आकाशात असतो, धुके आपल्या पायांशी उतरलेले असते. नदीकाठ, ओलिताची शेते आणि पाणी दिलेल्या बागा यांच्या परिसरात हवा ओलसर असते, म्हणून तेथे धुके अधिक दाटते. शिवाय थंड हवा जड असल्यामुळे ती सखल भागात साचते. त्यामुळे उंचवट्यावर रस्ता स्वच्छ दिसत असतो आणि पुढे नाल्याच्या उतारावर येताच वाहन एकाएकी पांढऱ्या अंधारात शिरते. जो चालक उंचवट्यावरचाच वेग घेऊन खाली उतरतो, त्याला सावध होण्यास क्षणभराचाही अवधी मिळत नाही.

समोरच्या वस्तू १ किलोमीटरच्या आत दिसेनाशा झाल्या, म्हणजे हवामानशास्त्र त्यास धुके म्हणते. दृष्टी २०० मीटरांच्या आत आली की ते दाट धुके, आणि ५० मीटरांच्याही आत आली की अतिदाट धुके होय. अतिदाट धुक्यात रस्त्याकडेचे कडुनिंबाचे झाड देखील अगदी जवळ आल्यावाचून ओळखू येत नाही. मग अंगावर घोंगडी पांघरून चालणारा म्हातारा, किंवा दिवा नसलेली बंडी, चालकास कशी दिसावी?

न दिसणे हा संकटाचा अर्धा भाग झाला. दुसरा भाग आहे न थांबणे. वाहन हे माणसाच्या इच्छेनुसार तत्क्षणी थांबत नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाने धावणारी मोटार एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर तोडते. समोर काही दिसले, मनाने ते ओळखले आणि पायाने ब्रेक दाबला, एवढ्यात साधारण १ सेकंद निघून जातो. म्हणजे ब्रेक लागण्यापूर्वीच मोटार १७ मीटर पुढे गेलेली असते. त्यानंतर चाके आणि रस्ता यांच्यामधील घर्षण तिला आवरू लागते. कोरड्या, चांगल्या डांबरी रस्त्यावर त्यासाठी आणखी सुमारे २० मीटर लागतात. तोच रस्ता ओला असेल, तर हे अंतर ३५ मीटरांच्या आसपास जाते. दोन्ही अंतरे मिळविली, तर ओल्या रस्त्यावर ती मोटार सुमारे ५२ मीटरांनंतर उभी राहते. माल भरलेल्या ट्रकला किंवा झिजलेल्या टायरांच्या वाहनाला याहूनही अधिक जागा लागते.

आता वेग निम्म्यावर आणून पाहू. ताशी ३० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार ओल्या रस्त्यावर साधारण १७ मीटरांत थांबते. वेग निम्मा केला, तर ब्रेक लागल्यानंतरचे अंतर निम्मे होत नाही, ते एकचतुर्थांश होते. वेग दुप्पट केला, तर तेच अंतर चौपट होते. 'थोडासाच वेग वाढविला' असे म्हणणाऱ्या चालकास हा हिशेब ठाऊक नसतो. किंवा ठाऊक असूनही तो त्याकडे डोळेझाक करतो.

या हिशेबातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. धुक्यात ४० मीटर रस्ता दिसत आहे असे समजा. समोरून कोणीच येणार नसेल, तर त्या ४० मीटरांत थांबता येईल एवढा वेग पुरेसा सुरक्षित म्हणता येईल. परंतु अरुंद रस्त्यावर समोरूनही वाहन येणार असते, आणि त्याच्या चालकाला तेच ४० मीटर दिसत असतात. दोघांनाही थांबावयाचे आहे. तेव्हा त्या अंतरापैकी प्रत्येकाच्या वाट्यास २० मीटरच येतात. दोघेही ताशी ३० किलोमीटर वेगाने येत असतील, तर १७ मीटरांत थांबतील आणि दोघांमध्ये थोडी जागा शिल्लक राहील. पण एकाने जरी ताशी ६० चा वेग धरला, तरी दुसऱ्याची सारी सावधगिरी व्यर्थ ठरेल. म्हणून दिसणाऱ्या रस्त्यापैकी अर्धाच आपला, अर्धा दुसऱ्याचा, हे धुक्यातील वाहतुकीचे पहिले सूत्र होय. अविचारी चालक अधिक वेग घेतो, याचा अर्थ तो दुसऱ्याच्या वाट्याचा रस्ता हिरावून घेतो.

असे चालक दुष्ट असतात काय? बहुधा नाही. पहाटेचा बाजार गाठला नाही तर मालाला भाव मिळणार नाही, ही ट्रकचालकाची चिंता खोटी नसते. गारपीट होऊन गेल्यावर तर प्रत्येक शेतकऱ्याच्या काळजाचे पाणी होते. बागेत किती फळे गळाली, किती डागाळली, हे पाहण्यासाठी तो मोटारसायकल घेऊन धावत सुटतो. वर्षभराचे श्रम मातीमोल झाले की काय, या काळजीत त्याचे लक्ष रस्त्यावर कोठून राहणार? परंतु नेमक्या त्याच वेळी रस्त्यावर गारांचा पांढरा थर पसरलेला असतो आणि चाकाखाली त्या गोट्यांप्रमाणे घरंगळत असतात. घाई जेव्हा अगदी स्वाभाविक वाटते, तेव्हाच ती सर्वांत घातक असते. बागेचे झालेले नुकसान दहा मिनिटे उशिरा पोहोचल्याने वाढत नाही. वाटेत झालेला अपघात मात्र त्या नुकसानीत कधीही भरून न निघणारी भर घालतो.

पावसाळ्यातही असेच घडते. उन्हाळाभर रस्त्यावर धूळ आणि वाहनांमधून सांडलेले तेल साचलेले असते. पहिल्या सरीने त्यांचा एक निसरडा लेप तयार होतो. शेतातून बाहेर पडणारे ट्रॅक्टर आपल्या मोठ्या चाकांबरोबर काळा चिखल डांबरी रस्त्यावर आणून टाकतात. काळी माती ओली झाली म्हणजे लोण्यासारखी मऊ आणि निसरडी होते. ट्रॅक्टर आपल्या वाटेने निघून जातो. मागून येणारा दुचाकीस्वार वळणावर घसरतो. ट्रॅक्टर चालविणाऱ्याने शेताच्या बांधाशी क्षणभर थांबून चाकांचा चिखल काढला असता आणि रस्त्यावर पडलेली ढेकळे फावड्याने बाजूस सारली असती, तर त्यास फारसे कष्ट पडले नसते. ज्या माणसाला आपण पाहणारही नाही, त्याच्यासाठी केलेले हे छोटेसे काम म्हणजेच खरे सौजन्य होय.

बर्फाच्छादित प्रदेशात तर या संकटाचे स्वरूप अधिकच उग्र होते. महाराष्ट्रातील कितीतरी जवान लडाख आणि काश्मीर येथील सीमेवर सेवा करतात. त्यांना या रस्त्यांची चांगली ओळख असते. गोठलेल्या रस्त्यावर घर्षण इतके कमी होते, की ताशी ६० किलोमीटर वेगाच्या मोटारीस थांबण्यासाठी १५० मीटरांहून अधिक अंतर लागू शकते. कित्येकदा बर्फाचा थर काचेसारखा पातळ व पारदर्शक असतो. त्यातून खालचे डांबर दिसते आणि रस्ता नुसता ओला असावा असा भास होतो. तेथे वाहनांच्या चाकांना लोखंडी साखळ्या बांधतात, ब्रेक हलकेच दाबतात आणि दोन वाहनांमध्ये भरपूर अंतर राखतात. १९६० साली स्थापन झालेली सीमा सडक संघटना हे दुर्गम रस्ते बांधते आणि बर्फ हटवून ते खुले ठेवण्यासाठी झटते. मनाली आणि लाहौल यांना जोडणारा ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा तिच्याच देखरेखीखाली तयार झाला आणि ऑक्टोबर २०२० मध्ये वाहतुकीस खुला झाला. त्यामुळे रोहतांग खिंडीतील बर्फाचा मार्ग टाळता येऊ लागला.

डोंगरी रस्त्यांचा एक नियम मोठा अर्थपूर्ण आहे. दोन वाहने एकमेकांशेजारून जाऊ शकत नाहीत एवढा रस्ता अरुंद असेल, तर उतरणाऱ्याने थांबावे आणि चढणाऱ्यास वाट द्यावी. चढावर थांबलेले वाहन पुन्हा हलविणे कठीण असते, म्हणून ज्याची अडचण मोठी त्याला पहिला मान. दुसऱ्याची अडचण ओळखून मागे सरणे हा माणुसकीचा धर्म येथे कायद्याचे रूप घेऊन उभा आहे. तोच धर्म नरखेडच्या सपाट रस्त्यावर पाळण्यास काय हरकत आहे?

धुक्यात होणाऱ्या अविचाराचे काही प्रकार सर्वांच्या परिचयाचे आहेत. पहिला प्रकार दिव्यांचा. समोर दिसत नाही म्हणून चालक दिव्यांचा झोत उंच आणि प्रखर करतो. पण धुक्यातील जलकण तो प्रकाश सर्व दिशांना विखुरतात आणि त्यातील पुष्कळसा परत चालकाच्याच डोळ्यांकडे येतो. परिणामी त्याच्यापुढे पांढरी भिंत उभी राहते आणि समोरून येणाऱ्याचे डोळेही दिपून जातात. अशा वेळी झोत खाली, रस्त्याच्या जवळच्या भागावर टाकणे हिताचे असते. दुसरा प्रकार पुढे जाण्याचा. पुढच्या वाहनाचा तांबडा दिवा पाहून त्याच्या अगदी पाठीशी लागणे, किंवा कंटाळून त्यास मागे टाकण्यासाठी रस्त्याच्या उजव्या बाजूस घुसणे, हे दोन्ही सारखेच धोक्याचे. तिसरा प्रकार थांबण्याचा. वाहन बिघडले म्हणून ते भर रस्त्यात, मागे कोणतीही खूण न ठेवता उभे करणे, म्हणजे मागून येणाऱ्यासाठी अंधारात भिंत बांधून ठेवण्यासारखेच आहे. वाहन शक्य तितके रस्त्याच्या कडेस घ्यावे, दिवे लुकलुकते ठेवावेत आणि काही अंतर मागे धोक्याची खूण मांडावी, एवढे भान प्रत्येकाने राखले पाहिजे.

दिसणे आणि दिसू देणे यांचे महत्त्व सांगणारी एक गोष्ट इंग्लंडमधील आहे. यॉर्कशायर परगण्यातील पर्सी शॉ नावाचा एक रस्ते दुरुस्त करणारा गृहस्थ धुक्याच्या रात्री मोटारीने घरी परतत होता. एका अवघड वळणावर त्याच्या दिव्यांचा प्रकाश कुंपणावर बसलेल्या मांजराच्या डोळ्यांत पडला आणि ते डोळे चमकले. त्या चमकेमुळे तो सावध झाला, अशी आख्यायिका सांगतात. मांजराच्या डोळ्याप्रमाणे प्रकाश परतविणारी काचेची भिंगे रस्त्यातच बसविली तर, असा विचार त्याच्या मनात आला. १९३४ साली त्याने या शोधाचे एकस्व मिळविले. आज मोठ्या रस्त्यांच्या मधल्या रेषेवर रात्री जे ठिपके चमकताना दिसतात, ते याच कल्पनेचे वंशज होत.

ही कल्पना बंडीवाल्यासही उपयोगी पडते. बंडीच्या मागे, सायकलीच्या चाकावर किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर प्रकाश परतविणारी चमकती पट्टी चिकटविली, तर ती दुरूनही डोळ्यांत भरते. लोक त्या पट्टीस 'रेडियम' म्हणतात; तिच्यात रेडियम हे मूलद्रव्य मुळीच नसते. ती स्वतः उजळत नाही, दुसऱ्याचा प्रकाश तेवढा त्याच्याकडे परत पाठविते. तिला खर्च थोडा आणि लाभ मोठा आहे. मात्र बंडीला पट्टी नव्हती, असे सांगून वेगाने येणाऱ्यास आपली सुटका करून घेता येणार नाही. रस्त्यावर दिवा नसलेलेही कोणीतरी असेल, हे गृहीत धरूनच वाहन हाकावयाचे असते. दुबळ्याने आपली काळजी घ्यावी हे खरे. पण ज्याच्या हाती अधिक बळ, त्याच्या शिरावर अधिक भार, हा न्याय रस्त्यावरही लागू आहे.

या प्रश्नाचे गांभीर्य आकड्यांवरून सहज लक्षात येईल. २०२२ या एका वर्षात भारतात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्या मृत्यूंपैकी सुमारे ७१ टक्के मृत्यू अतिवेगाने झालेल्या अपघातांतील होते. हे सारेच अपघात धुक्यात अथवा पावसात झाले असे नव्हे. परंतु जो वेग स्वच्छ उन्हातही प्राण घेतो, तो धुक्यात किती घेईल, याचा विचार ज्याने त्याने करावा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने धोकादायक रीतीने वाहन चालविणे हा गुन्हा ठरविला आहे. अपघातग्रस्ताला मदत केल्यास आपल्यालाच पोलिसांचा ससेमिरा लागेल, या भीतीने पूर्वी अनेक लोक जखमीजवळ थांबत नसत. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली अशा मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाचे नियम बंधनकारक केले आणि २०१९ च्या दुरुस्तीने त्यांस कायद्यातच स्थान मिळाले. महाराष्ट्रात १०८ हा क्रमांक फिरविला की रुग्णवाहिका मिळते. ११२ हा सर्व संकटांसाठीचा क्रमांक आहे. हे दोन्ही क्रमांक प्रत्येक मुलास पाठ असावेत.

मुले वाहन चालवीत नाहीत. मग त्यांनी काय करावे? पदपथ नसलेल्या रस्त्यावर त्यांनी उजव्या कडेने चालावे, म्हणजे समोरून येणारे वाहन दिसते. धुक्याच्या दिवशी भडक, उठून दिसणाऱ्या रंगाचे कपडे घालावेत आणि हाती विजेरी ठेवावी. सायकल असल्यास ती डाव्या कडेनेच, एकामागे एक अशी चालवावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, शाळेस उशीर होतो म्हणून मोटारसायकल चालविणाऱ्या वडिलांच्या किंवा काकांच्या मागे घाईचा लकडा लावू नये. 'बाबा, सावकाश चला' हे लहान तोंडातून निघालेले शब्द कित्येकदा मोठ्या फलकांहून अधिक परिणाम करतात.

सकाळचे नऊ वाजून गेले, सूर्य थोडा वर आला, म्हणजे नरखेडच्या परिसरावरील धुके विरू लागते. प्रथम झाडांचे शेंडे दिसतात, मग बांध, मग संत्र्यांनी लवलेल्या फांद्या. पहाटे पांढऱ्या अंधारात हरवलेला रस्ता आता दूरवर स्पष्ट होतो. जी बंडी पहाटे कोणालाच दिसत नव्हती, ती रस्त्याच्या कडेने चालत असते. बैलांच्या गळ्यातील घुंगरे वाजत असतात आणि बंडीवाल्याशेजारी त्याचा लहान मुलगा दप्तर मांडीवर घेऊन बसलेला असतो. धुके असतानाही तो तेथेच होता. तो दिसत नव्हता एवढेच. जो दिसत नाही तोही रस्त्यावर आहे आणि त्याचाही रस्त्यावर आपल्याइतकाच हक्क आहे, हे ज्या चालकाच्या ध्यानात राहते, त्याच्या हातून दुसऱ्याच्या वाट्याचा रस्ता कधी हिरावला जात नाही.